मेंदीतलं घरटं

सोसायटीचा माळी मेंदीचं कुंपण छाटायला लागला की तो हिरवा, उग्र वास घरात येतो आणि मला बदलापूरच्या आमच्या जुन्या घराची बाग आठवते. नव्वदच्या आसपासचा उन्हाळा होता, माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. बुलबुलाच्या जोडीनं मेंदीत वाटीएवढं घरटं बांधलं होतं आणि त्यात गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी होती. कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले माझे सासरे त्या घरट्यापायी वेडे झाले. दूधवाला येवो की पोस्टमन, फांदी बाजूला करून ते प्रत्येकाला अंडी दाखवत. “बाबा, पक्षी बिचकतात हो,” मी दोनदा म्हणाले. “अगं, तिला माझी सवय झालीय,” म्हणून ते हसले. एका सकाळी पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी घरट्याभोवतीची पानंच कात्रीनं छाटली. अंड्यांवर ऊन आलं. मादी समोरच्या तारेवर बसून ओरडत राहिली आणि दुपारनंतर दिसेनाशी झाली. बाबांनी घरट्यावर आपली छत्री बांधली आणि दोन दिवस खिडकीत बसून काढले. “येईल गं, चारा टिपायला गेली असेल.” तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. “नाही यायची ती. तुम्हीच घालवलीत तिला!” ते घरट्यावरची छत्री सोडवून आत गेले. माझा संताप मात्र कमी होईना. आज बाबा नाहीत. ते घरटं सगळ्यात आधी मला दिसलं होतं आणि हाका मारून त्यांना बागेत मीच बोलावलं होतं, एवढं मला त्यांच्याजवळ कधी कबूल करता आलं नाही.