दोब्रिलाचा काळा सांधा

लेस्कोवात्स गावच्या कापडगिरणीत दोब्रिलाने बावीस वर्षं मशीनवर कोट शिवले. गिरणीला टाळं लागलं तेव्हा ती सेहेचाळीसची होती, आणि घरात बसून लोणच्यासाठी मिरच्या भाजत राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं. गावाबाहेर दुधाच्या स्टीलच्या टाक्या बनवणारा एक कारखाना होता. तिथे ती टिग वेल्डिंग, म्हणजे टंगस्टनच्या सुईच्या ठिणगीने गॅसच्या आवरणात स्टील सांधणं, शिकायला गेली. तीन महिन्यांनी परीक्षा होती. पास झाली तर नोकरी, नाहीतर घरची वाट.

शिकवायला तिहोमिर मिस्त्री. पहिल्याच दिवशी त्याने तिला कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं. म्हणाला, "बाई, हे कोटाचं अस्तर नाही. इथे चुकलं तर उसवता येत नाही."

ती चुकतच राहिली. ठिणगी पडायची, स्टील वितळायचं, पण सांधा थंड झाला की काळाकुट्ट दिसायचा, वर बारीक भोकं. टंगस्टनची सुई दोन मिनिटांत जळून बोथट व्हायची. मिस्त्री तो तुकडा उचलून सगळ्यांना दाखवायचा आणि तिचे हात थरथरतात म्हणायचा. तिचे हात थरथरत नव्हते. पण दोन महिने रोज तेच ऐकल्यावर तिलाही तसं वाटायला लागलं. घरी जेवताना ती चमच्याकडे बघायची, हलतोय का म्हणून.

एकदा जेवणाच्या सुट्टीत शेजारचा रादोश घेवड्याचं कालवण खात बसला होता. त्याला विचारून ती त्याच्या मशीनवर बसली. तोच स्टीलचा पत्रा, तेच हात. सांधा उतरला तो गव्हाच्या काडीसारखा पिवळसर, सरळ, चकचकीत.

ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. आनंद झालाच नाही. कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवसापासून तिने आपल्या मशीनची एकेक गोष्ट तपासायला घेतली. सुई नव्याने घासली. पत्रा आणि सांध्यात भरायची तार पुसून लख्ख केली. टॉर्चची, म्हणजे सुई धरणाऱ्या मुठीची, चिनीमातीची टोपी बदलली. गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून पाहिला, कुठेही बुडबुडा नाही. सांधा काळाच. शेवटी रादोशचा गॅसचा सिलिंडर ओढत आणून तिने आपल्या मशीनला जोडला. सांधा पिवळा.

मग तिने स्वतःचा सिलिंडर फिरवला. त्याचं लेबल इतके दिवस भिंतीकडे होतं. आत टिगला लागतो तसा नुसता आर्गॉन वायू नव्हता. त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळलेला होता. हा गॅस दुसऱ्या प्रकारच्या, तारेच्या वेल्डिंगचा, टिगची सुई जाळून टाकणारा.

"तुला माहीत होतं?" तिने रादोशला विचारलं.

त्याने मान खाली घातली. "मिस्त्रीनेच लावला. म्हणाला, बाई काय महिनाभर टिकेल, उरलेला गॅस तरी संपेल."

दोब्रिला एक काळा आणि एक पिवळा असे दोन तुकडे घेऊन ऑफिसात गेली. मालक गोइको आणि तिहोमिर कॉफी पीत होते. तिने दोन्ही तुकडे कपांच्या मधोमध ठेवले आणि काय सापडलं ते सांगितलं. गोइको हसला, म्हणाला, मग झालं की, सिलिंडर बदलून टाका. त्या हसण्याने ती अजून पेटली.

"दोन महिने तुम्ही माझे हात वाईट म्हणालात," ती मिस्त्रीला म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हणालात. आता सगळ्यांसमोर सांगा, गॅस वाईट होता."

तिहोमिरने कप खाली ठेवला. "खऱ्या वेल्डरला पहिल्या दिवशीच कळलं असतं."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते साफ खोटंही नव्हतं. पण लेबल वाचायला शिकवणं कोणाचं काम होतं? तिने ते विचारलं. तिहोमिरने कप पुन्हा उचलला.

परीक्षेत तिचे पाचही सांधे पास झाले. ती तिथेच राहिली. सात वर्षं मिस्त्रीशी कामापुरतं बोलली, एक शब्द जास्त नाही. नव्या माणसांना आता तीच शिकवायची, आणि तिहोमिर बघत असला तर जरा मोठ्या आवाजात.

तो निवृत्त झाला त्या दुपारी अंगणात मांस भाजलं, राकिया ही फळांची दारू निघाली. तो दोन पेले घेऊन तिच्यापाशी आला. "दोब्रिला, मनात ठेवू नकोस."

"ठेवलंय," ती म्हणाली. पेला तिने घेतला नाही. हातमोजे चढवून ती अर्धवट राहिलेल्या टाकीकडे निघून गेली.