आधी आवळायचा, मग सोडवायचा

अडकलेला स्क्रू काढायचा असेल तर काका तो आधी थोडा आवळायचे.

उलटं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं, आणि मी तसं तोंडावर बोललेही होते. काका शांतपणे म्हणाले, "आधी आवळायचा, मग सोडवायचा. गंज धरलेला असतो ना, तो तिथे मोडतो." मग स्क्रूच्या डोक्यावर अंगठा ठेवून त्यांनी डोळे मिटले. अंगठ्याला काय कळायचं देव जाणे, पण हे केल्याशिवाय त्यांनी एकाही स्क्रूला हात लावला नाही.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी बिल्डिंग. रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये बादल्या यायच्या, गाड्या धुतल्या जायच्या, कोणाचं बॉनेट उघडायचं. तुमच्याही सोसायटीत अशा वेळी बनियनवर खाली येऊन प्रत्येकाच्या गाडीत डोकं घालणारा एखादा असेलच. आमच्याकडे ते काका. आयुष्यभर एका औषध कंपनीच्या ऑफिसात टायपिंग केलेलं. गाडी स्वतःची नव्हती, चालवता येत नव्हती, इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. फक्त अडकलेला स्क्रू म्हटला की माणूस खुलायचा. बिस्किटांच्या जुन्या डब्यात स्क्रूड्रायव्हर, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि काकूंच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, एवढाच त्यांचा संसार.

आमची ओळख झाली ती माझ्या गाडीच्या मागच्या दिव्यामुळे. बल्ब गेला होता. माझ्या नवऱ्याला गाडीतलं फक्त बसणं येतं, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात. मी जोर लावला, आणखी लावला, आणि स्क्रूच्या डोक्यावरची फुली पार घासून गुळगुळीत करून टाकली. वर त्या स्क्रूला नाशिककडच्या दोन शिव्याही दिल्या. काका चहाचा कप घेऊन मागे उभे होते.

"झालं बोलून? आता बाजूला हो."

त्यांनी अंगठा ठेवला, तेलाचा थेंब सोडला आणि स्क्रूकडे बघत म्हणाले, "तेका जरा इचार करूंदे." आणि चक्क वर चहाला चला म्हणाले. मला पार्ल्याला जायचं होतं, सासूबाई वाट बघत होत्या, मी धुमसत होते. पण गेले. काकूंनी चहा दिला, पोहे दिले, माहेर कुठलं ते विचारलं. खाली आल्यावर काकांनी ट्यूबचा तुकडा त्या घासलेल्या डोक्यावर ठेवला, त्यावर स्क्रूड्रायव्हर दाबला, आधी आवळला, मग सोडवला. "ये रे बाबा भायर," म्हणाले, आणि तो आला.

एक गंमत पुढे लक्षात आली. काका मूळचे मालवणकडचे, पण आमच्याशी, काकूंशीसुद्धा, शुद्ध ऑफिसातलं मराठी बोलायचे. मालवणी फक्त स्क्रूशी. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "तो ऐकतो. तुम्ही कुठे ऐकता?"

सगळेच स्क्रू ऐकत होते असं मात्र नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या गाडीच्या दिव्याची काच त्यांनी एकदा फोडली, आणि काच आधीच म्हातारी झाली होती असं ठासून सांगितलं. कुलकर्णी महिनाभर बोलत नव्हते. मग त्यांचा आरशाचा स्क्रू अडकला आणि बोलायला लागले. खंडेनवमीला तर काका कोणाचंच ऐकायचे नाहीत. डबा देवापुढे, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि आज हत्यारांना सुट्टी. कोणाची गाडी अडो नाहीतर राहो.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहा बशीत सांडायला लागला. मग स्क्रूड्रायव्हर खाचेतून सटकायला लागला. "आज चहा जास्त झाला," म्हणून हसायचे. एका रविवारी त्यांच्या हातून माझ्या वायपरच्या स्क्रूचं डोकं घासलं गेलं. त्यांनी ते अंगठ्याने चाचपलं, डबा बंद केला आणि वर निघून गेले. त्यानंतर खाली आलेच नाहीत. औषधं चालू होती, पण डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट सांगितलं होतं की हे थांबायचं नाही, जमेल तेवढं हात चालता ठेवा, माणसाला बसून राहू देऊ नका.

काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "दिवसभर खिडकीत बसून तुमच्या गाड्या बघतात गं. जेवणावर लक्ष नाही. काहीतरी काम काढ ना."

मी आणि कुलकर्ण्यांनी शक्कल लढवली. माझ्या नंबर प्लेटचे आकडे पुसट झाले होते, रंगवायला प्लेट काढायचीच होती. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिचा डावीकडचा स्क्रू सोडवून ठेवला, अगदी बोटाने फिरेल इतका, आणि प्लेट हलू नये म्हणून मागे कागदाची घडी सारली. काकांना फक्त फिरवायचंय, बस. आम्ही स्वतःवर बेहद्द खूश होतो. काय अक्कल आमची!

रविवारी मी वर गेले, स्क्रू अडकलाय, माझ्याच्याने निघत नाही म्हटलं. नको नको म्हणत काका आले. अंगठा ठेवला, डोळे मिटले. आणि नेहमीप्रमाणे आधी आवळायला घेतला.

स्क्रू फिरला. आणखी फिरला. फिरतच राहिला.

आयुष्यभर आधी आवळणाऱ्या माणसापुढे आम्ही सैल स्क्रू ठेवला होता. कुलकर्णी आकाशाकडे बघायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काका थरथरत्या हाताने तो स्क्रू आवळत राहिले, पार घट्ट होईपर्यंत. मग तेलाचा थेंब सोडला आणि वर चहाला चला म्हणाले.

त्या दिवशी चहा आम्ही कपात बघूनच संपवला.

खाली आलो. काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला, तो सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला, आणि खाचेची एक बाजू गेली. मी हात पुढे केला तसे थांबले. मला वाटलं, आता डबा बंद करतील. पण त्यांनी ट्यूबचा तुकडा लावला आणि म्हणाले, "तू वरून दाब. फिरवणार मी."

त्यांच्या मुठीवर मी माझा तळवा ठेवला आणि सगळा भार दिला. खाली त्यांचा हात थरथरत होता, मला कोपरापर्यंत कळत होतं. आधी आवळला. मग सोडवला. आला.

जिना चढताना ते थांबले. कठड्याला धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुन्हा असा करू नको गो. माका घट्टच व्हयो. सैल काढूक मी कित्याक व्हयो?"

माझ्याशी ते मालवणीत बोलले होते. मी घरी जाऊन बाथरूमचा नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

रंगवलेली प्लेट पुढच्या रविवारी त्यांनीच बसवली. मी नवीन स्क्रू आणला होता, तो त्यांनी परत केला. जुन्याचं अर्धं डोकं शाबूत आहे ना, मग झालं. बसवताना माझा हात बाजूला केला. खूप वेळ लागला, पण शेवटपर्यंत एकट्याने आवळला. त्यानंतर ते जमेल तसे रविवारी खाली येत राहिले. मी दाबायची, ते फिरवायचे. पावसाळा संपता संपता ते गेले. त्या खंडेनवमीला काकूंनी डबा देवापुढे ठेवला, मग मला बोलावून हातात दिला.

आता सरकारी नियमाने जुन्या गाड्यांना नवीन नंबर प्लेट लावायची आली. भांडुपच्या सेंटरवर गेले. मागे गाड्यांची रांग. बसवणाऱ्या माणसाने उजवीकडचा स्क्रू झटक्यात काढला, डावीकडच्यावर जोर लावला आणि मान हलवली. "मॅडम, ह्याचं डोकं गेलंय. ड्रिल मारतो."

"हात लावू नका," मी जरा जोरातच म्हणाले. गाडीतून डबा आणला. तेलाचा थेंब सोडला. त्याला म्हटलं, चला, चहा घेऊ. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की विचारू नका, पण चहा फुकट होता, आला.

परत आल्यावर मी अंगठा ठेवला. काकांनी एकट्याने आवळलेला शेवटचा स्क्रू तो. काढायचं माझ्या जिवावर आलं होतं. रबर ठेवला, दाबला, आधी आवळला. केसभर गेला. मी तसाच धरून उभी राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले.

मग, मालवणीचं एक अक्षर न येणारी मी म्हणाले, "ये रे बाबा भायर."

आणि तो आला.