सावंतांचा गीझर आणि श्वेताचं स्थळ

"सावंतांचा गीझर फुटला, आणि खाली कांबळेंच्या श्वेताचं जमत आलेलं लग्न..."

एवढंच कानावर आलं आणि लिफ्टचं दार लागलं. आतल्या दोघी वर गेल्या, मी पिशव्या घेऊन खालीच. दोन दिवस दहिसरला बहिणीकडे काय गेले, मुलुंडात एवढं घडून गेलं! तशा आमच्या बिल्डिंगमध्ये गीझरच्या गोष्टी साठतच असतात. थंडी जेमतेम आठवडाभर, गळती बारा महिने. पण ही ऐकून मी लिफ्टचं बटण दाबायचंच विसरले. कारण त्या गीझरला हात माझा लागलेला.

त्याचं असं झालं. मागे आमचाच गीझर ठिबकत होता. आमच्या ह्यांनी प्लंबर बोलवायचं सोडून खाली टमरेल ठेवलं. आल्यागेल्याला सांगायचे, "फुकटचं गरम पाणी आहे, दाढीला होतं." दाढी करायचे आठवड्यातून दोनदा! शेवटी प्लंबर आला, पाइपच्या जोडाला पांढरी टेप गुंडाळली, काम झकास. मी शेजारी उभी राहून सगळं शिकून घेतलं.

मग काय, वरच्या सावंतकाकूंचा गीझर ठिबकायला लागल्यावर मीच टेप घेऊन गेले. काकू म्हणत होत्या, "गो, प्लंबराक बोलवूया." मी म्हटलं, त्यात काय एवढं! स्टुलावर चढले, ज्या छोट्या नळीतून थेंब पडत होते तिचं तोंडच टेपने बांधून टाकलं. थेंब बंद. काकूंनी मला सोलकढी पाजली.

आता पिशव्यांसकट प्लंबरला गाठलं, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "भाभी, वो सेफ्टी वाल था. जादा प्रेशर वहीं से निकलता है."

घरी हे म्हणाले, "लोकांची तोंडं बंद करायला हिला बरं जमतं."

तशीच कांबळेताईंकडे गेले. श्वेताच्या लग्नासाठी ताई तीन वर्षं झुरतायत. माझ्यामुळे स्थळ गेलं असेल तर तोंड कुठे दाखवू? मी सगळं कबूल करून टाकलं. ताईंनी आधी मला बसवलं, मग खरं काय झालं ते सांगितलं.

गीझर काही फुटला नव्हता. त्याचा पाइप निसटला, बाथरूमचं पाणी पॅसेजमध्ये आलं आणि खाली कांबळेताईंच्या हॉलमध्ये पंख्याच्या हुकातून धार लागली. नेमकी मुलाकडचे पाहुणे पोहे खात असताना!

मुलाने पाय दिवाणावर घेतले आणि मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. त्याचे वडील मात्र ताडकन उठले. घराचा मेन स्विच पाडला, जिना चढून सावंतांकडे गेले. तिथे गीझरचं बटण बंद, मग पाण्याचा कॉक बंद. खाली आले ते निथळत, आणि श्वेताबरोबर हॉल पुसायला लागले. मुलगा दिवाणावरूनच सांगत होता, "पप्पा, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

"म्हणजे लग्न मोडलं ते खरं?" मी विचारलं.

"मोडलं. पण त्यांनी नाही."

निघताना वडिलांनी श्वेताला विचारलं होतं, "मग पोरी, पसंती?"

श्वेताने त्यांच्या हातात टॉवेल दिला. "तुम्ही पसंत आहात, काका. मुलाचं राहू द्या."

काकांनी शांतपणे डोकं पुसलं, परत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोहे आहेत का अजून?"