सरूताईंच्या बोटाचं माप

आमच्या बाजारात वाती विकणाऱ्या सरूताईंना दिसत नाही. जुन्या नोटा त्या बोटाला लावून मापायच्या. वेगळ्या आकाराच्या नव्या नोटा आल्या आणि ते माप चुकलं. काल शंभराच्या वाती घेऊन मी दिलेली नोट त्यांनी तीनदा चाचपली.

"उठावाच्या रेघा असतात म्हणे हिच्यावर. माझ्या हाताला तर लागत नाहीत."

मला चीडच आली. नोटेत रंग बदलणारा धागा आहे, उजेडाकडे धरली की दिसणारा चेहरा आहे. सगळी हुशारी डोळस लोकांसाठी.

"कितीची आहे?" त्यांनी विचारलं.

"दोनशेची."

त्यांनी ती कमरेला खोचली आणि जुनी शंभराची नोट बोटावर मापून मला परत दिली. मी ती घेतली आणि सवयीने उजेडाकडे धरून पाहिली.