खिळ्यावरची माळ

शुद्धलेखन माझं कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, अक्षर ओळीवर बसत नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ही वही कुणी वाचणार नाही, तरी माफी मागते.

मी गजरे करते. पुंडलिकनगरात आमच्या दोन खोल्या आहेत. मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली आणि पंधरा दिवसांत तिचे डोळे पिवळे झाले. आमच्याकडं काविळीला डॉक्टर नसतो, माळ असते. सोयगावकडच्या एका खेड्यात एक म्हातारा रविवारी ती देतो, पैसे घेत नाही. ओल्या देठांचे बारीक तुकडे दोऱ्यात बांधलेले, डोक्यावर बसेल एवढीच. दिवसागणिक ती लांब होते, कपाळावरून गळ्यात येते, मग छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली. लहानपणी अजिंठ्याकडं, माझ्या माहेरी, मीही घातली होती. बरीही झाले होते.

माझी मोठी नणंद शेजारच्या गल्लीत राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. ती पहाटेच्या गाडीनं उपाशीपोटी गेली आणि माळ घेऊन आली. पोरीवर तिचा फार जीव होता.

अक्का माळ डोक्यावर ठेवत होती तेव्हा माझं लक्ष गाठींकडं गेलं. तीस वर्षं मी गाठीच मारतेय. ओल्या देठाला मारलेली गाठ देठ सुकला की ढिली पडते. सकाळचा गजरा संध्याकाळी म्हणूनच लोंबतो. मला वाटलं, ही माळही तशीच उतरत असेल का? पाप केल्यासारखं झालं. तरी दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या गुळवेलीचे तुकडे करून तशीच एक बांधली आणि मोरीतल्या खिळ्याला अडकवली.

मुलीनं ती पाहिली. म्हणाली, "आई, ही कुणाची गं?"

"नवा दोरा आणलाय, बघतेय कसा टिकतो," मी म्हणाले. तिच्याशी बोललेलं माझं ते शेवटचं खोटं.

गुरुवारी तिची माळ गळ्यात आली. अक्कानं गल्लीत साखर वाटली. मी मोरीत जाऊन माझी माळ बोटांनी मोजली. चार बोटं वाढली होती. खिळ्याला काय कावीळ झाली होती? आणि मुलीचे डोळे तर आणखीच पिवळे दिसत होते. तिला जेवण जात नव्हतं, उसाचा रससुद्धा उलटून पडत होता.

मालकांना, म्हणजे पोरीच्या बापाला, सांगितलं. ते जेवत होते. रागावले नाहीत, समजावून म्हणाले, "इतकी माणसं बरी झाली ती काय खोटी? आपल्याला कळत नाय म्हणून नाय म्हणू नये. मन मोठं ठेवावं माणसानं. आन अक्काला यातलं काही बोलू नको, लई लागंल तिला."

मला ते पटलं. खिळ्यावरची माळ वाढते हे खरं, आणि अंगावरची माळ कावीळ ओढते हेही खरं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मी स्वतः बरी झाले होतेच की. आज बसून विचार करते तेव्हा दिसतं, अक्कासमोर तोंड उघडायची मला भीती वाटत होती. त्या भीतीलाच मी मोठं मन म्हटलं.

रविवारी मुलगी बरळायला लागली. मला ओळखेना. मोठ्या दवाखान्यात नेलं. आधी पोटातलं बाळ गेलं, बुधवारी ती गेली. डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, आधी आणलं असतं तर वाचलीच असती असं सांगता येत नाही, पण प्रयत्न करायला वेळ मिळाला असता. ती चांगल्या मनानं बोलली. ते वाक्य मी रोज गजरे करताना ऐकते.

दवाखान्याचा खर्च अक्कानं भरला, घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले पैसे काढून. फेडू म्हणालो. तीन वर्षं मी गजऱ्यांतून थोडं थोडं देत आले. त्या तीन वर्षांत अक्कानं आणखी दोघांना माळ आणून दिली. ती दोघं बरी झाली. मी गप्पच. जिचे पैसे द्यायचेत तिला काय बोलायचं, असं स्वतःला सांगायचे. आता मला अंगाऱ्याचीही शंका येते, गोळीचीही येते, मालकांनी बाजारातून आणलेल्या भाजीचीही येते. या शंकेचा कुणाला काही उपयोग नाही. ज्या दिवशी होता त्या दिवशी मी ती गिळली.

गेल्या सोमवारी शेवटचे दोन हजार घेऊन गेले. पैसे दिले आणि उभ्या उभ्याच अक्काला मोरीतल्या माळेचं सगळं सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. पण ती हळू म्हणाली, "मला नव्हतं ठावं गं. तुला ठावं होतं. मग?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. नोटा न मोजता तिनं डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, फिटलं सगळं, आता आपलं काही निघत नाही.