चिठ्ठीबाईंचं पथ्य

वाचनालयात नवीन पुस्तक आलं की ते आधी माझ्या टेबलावर यायचं आणि मग शेजारच्या, चिठ्ठीबाईंच्या. मी त्याला नंबर द्यायचो, त्या त्याला वाचक मिळवून द्यायच्या. नोंदी करणारा माणूस असल्यामुळे मला माझंच काम मोठं वाटायचं, आणि ते मी दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "रजिस्टरमास्तर, वरच्या फळीवरची धूळ कोण पुसणार आज?" पाळी नेमकी माझीच असायची.

चिठ्ठीबाई हे नाव वाचकांनी पाडलेलं. प्रत्येक नव्या कादंबरीत त्या तळहाताएवढी एक चिठ्ठी ठेवायच्या. पुढच्या बाजूला पुस्तक कसं आहे ते तीन-चार ओळींत, आणि मागच्या बाजूला ते कुणी घेऊ नये. "नोकरी नुकतीच गेली असेल तर सध्या नको." "बहिणीशी अबोला असेल तर दोनशेव्या पानापासून जपून." एका जाडजूड ग्रंथावर तर त्यांनी लिहिलं होतं, "झोप येत नसेल त्यांनी अवश्य न्यावं." लोक चिठ्ठी हातात घेऊन आधी उलटी करायचे. मी त्यांना चिडवायचो, की तुम्ही पुस्तकं देत नाही, पथ्य सांगता.

त्यांचा एकच नियम होता. शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही. वाचनालयाच्या प्रमुखांनी एकदा सुचवलं, की मलपृष्ठावरचा मजकूर बघून लिहा, काम झटपट होईल. बाई म्हणाल्या, मलपृष्ठावर कुणी मरत नाही हो. विषय तिथेच संपला.

मग त्यांचे डोळे बिघडले. बघावं त्या शब्दाच्या मधोमध काळा डाग, कडेची अक्षरं तेवढी दिसायची. डॉक्टरांनी सांगितलं, हे थांबवता येईल, भरून येणार नाही. हे त्यांनी फक्त मला सांगितलं, तेही मी त्यांना भिंग उलटं धरताना पकडलं म्हणून. निवृत्तीला तीन वर्षं होती. बाकी कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मीही कधी तोंड उघडलं नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

नशिबाने त्याच सुमाराला आमच्याकडे ऑडिओबुकं यायला लागली, डब्यांमध्ये, सीडीवर. बाईंना जणू दुसरे डोळे मिळाले. जेवणाच्या सुट्टीत कानाला हेडफोन लावून बसायच्या, संध्याकाळी यंत्र घरी न्यायच्या. ऐकून झालं की चिठ्ठी सांगायच्या आणि मी लिहायचो. एकाच कादंबरीचं पुस्तकही यायचं आणि सीडीही, तेव्हा दोन्हींत एकच चिठ्ठी जायची. प्रत्येक डबी हातात घेताना त्या मला न चुकता विचारायच्या, "पूर्ण आहे ना?" कारण काही ऑडिओबुकं काटछाट करून केलेली असतात. डबीमागे बारीक अक्षरात 'संक्षिप्त' असं छापलेलं असतं. ते बघणं आणि रजिस्टरात लिहिणं माझं काम.

आता शिवणवाल्या बाईबद्दल सांगायला हवं. मागच्या गल्लीत तिचं कपडे शिवायचं दुकान. आधी ती आणि तिची लेक शनिवारी बरोबर यायच्या. लेक पुस्तकं निवडायची आणि आई ती धरून उभी राहायची. अकराव्या वर्षी ती पोरगी तापात गेली. चार दिवसांत. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी शिवणवाली एकटी आली. चिठ्ठीबाईंच्या टेबलापाशी उभी राहून हळूच म्हणाली, "ताई, ज्यात कुणाचं मूल जात नाही असं काहीतरी द्या."

चिठ्ठीबाईंनी काही विचारलं नाही. आत जाऊन एक कादंबरी आणून दिली. त्यानंतर दोन वर्षं दर शनिवारी तेच. शिवणवालीला चिठ्ठी लागायची नाही. बाईंनी दिलेलं पुस्तक ती न उघडता पिशवीत टाकायची. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मशीनवरच पुस्तक ठेवून वाचते, तेवढा एक तास बरा जातो, असं तिने एकदा सांगितलं होतं. चिठ्ठीबाई इतर वाचकांसाठी नवी पुस्तकं वाचायच्या. तिच्यासाठी मात्र चाळण लावायच्या.

त्या दिवशी सत्तर डब्या आल्या होत्या. मला पाहुण्यांकडे जायचं होतं आणि चार वाजले होते. मी रजिस्टरात नाव, लेखक, वाचणाऱ्याचं नाव आणि तास लिहीत सुटलो. 'पूर्ण की संक्षिप्त' या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'पूर्ण' लिहिलं. मग डब्यांच्या पाठीवर नंबराची पट्टी चिकटवत गेलो. चिठ्ठीबाईंनी त्यातली एक डबी उचलली आणि विचारलं, "पूर्ण आहे ना?"

"हो हो, पूर्ण," मी वर न बघता म्हणालो.

सहा तासांचं ऑडिओबुक होतं ते. छापलेली कादंबरी साडेचारशे पानांची, माझ्याच टेबलावर पडलेली. साडेचारशे पानं सहा तासांत वाचून होत नाहीत, हे कुणालाही कळलं नाही तरी मला कळायला हवं होतं.

बाईंना ती कादंबरी फार आवडली. एक आई, एक लेक, आणि शेवटी लेक शिकायला दूरच्या गावी जाते, आई स्टेशनवर हात हलवते. "हे तिला द्यायचं," त्या म्हणाल्या. "लेक दूर जाते, पण सुखात जाते. हे आता तिला झेपेल." शनिवारी त्यांनी छापील पुस्तक स्वतः तिच्या हातात दिलं.

पुढच्या शनिवारी शिवणवाली आली नाही. मंगळवारी आली. पुस्तक टेबलावर ठेवलं.

"ताई, हे तुम्ही वाचलं होतं?"

"हो, शेवटपर्यंत," बाई म्हणाल्या.

"शेवटी ती पोरगी जाते. तापाने. साठ पानं आहेत नुसती त्याचीच."

बाई म्हणाल्या, नाही, ती शिकायला जाते, आई स्टेशनवर असते. शिवणवालीने मान हलवली. ते झाल्यावर, ती म्हणाली. बाईंनी पुस्तक उघडलं, पान डोळ्यांजवळ नेलं, आणि ते आपल्याला वाचता येणार नाही हे आठवून मिटलं. खुलासा करायचा तर डोळ्यांचं सांगावं लागणार होतं, तेही भरल्या वाचनालयात.

"गडबडीत असाल," शिवणवाली म्हणाली. "सगळ्यांचं सगळं तुम्ही तरी कसं वाचणार." आणि ती गेली. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही.

मी कपाटातून ती डबी काढली आणि नखाने पट्टी खरवडली. खाली 'संक्षिप्त' हा शब्द होता. मी पट्टी परत दाबून बसवली.

जागेवर आलो तर चिठ्ठीबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. "मी झोपले असणार," त्या म्हणाल्या. "ऐकता ऐकता डोळा लागला असणार, आणि मला वाटलं संपलं." मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तीस वर्षांत माझ्या रजिस्टरात एक चूक निघाली नव्हती, आणि हे मी गावभर सांगत आलो होतो. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्यांचा कोरा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "डोळे गेले ते चालवून घेतलं," त्या म्हणाल्या. "आता डोक्याचाही भरवसा नाही. कुणाला काय देऊन बसेन." मी नुसता हं म्हणालो. स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि तरी मी गप्प राहिलो.

महिन्याभरात त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्या भाचीकडे राहायला गेल्या. मी अधूनमधून जायचो. ऐकायला काही आणू का विचारलं की नको म्हणायच्या, मधेच झोप लागते. भाची सांगायची, मावशी दिवसभर टक्क जाग्या असतात.

सांगायला मला दोन वर्षं लागली. कशामुळे सांगितलं तेही धड आठवत नाही. चहा पीत होतो आणि तोंडातून निघून गेलं. डबी, पट्टी, चार वाजता जायची घाई, सगळं. मला वाटलं आता त्या मला बोलतील, आणि त्यांनी बोलावं असंच वाटत होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे मी झोपले नव्हते," त्या म्हणाल्या.

मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मी माफी मागितली, ती त्यांच्यापर्यंत पोचली असं वाटलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हे तिला सांगितलंत?" मी नाही म्हणालो. "मग इथे काय बसलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या गल्लीत गेलो. शिवणवाली एका फ्रॉकला काठ लावत होती. तिने मला ओळखलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, चिठ्ठीबाईंच्या डोळ्यांचंही. तिने मशीन थांबवलं नाही. ओळ पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, फ्रॉक बाजूला ठेवला.

"पुस्तकाचं मला काही नव्हतं हो," ती म्हणाली. "वाईट वाटलं ते वेगळंच. पहिलं वर्ष सगळे विचारायचे. मग तिचं नाव काढलं की लोक विषय बदलायला लागले. माझी बहीणसुद्धा. एकट्या ताई होत्या, बोलायच्या नाहीत पण दर शनिवारी लक्षात ठेवायच्या." ती थांबली. "मला वाटलं, त्यासुद्धा विसरल्या तिला."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने हात वर केला, म्हणाली आता तुम्ही जा, आणि मी पायरी उतरायच्या आतच आतून दार लावून घेतलं.