साहेबाचा पाण्याचा घोट

माझा भाचा लहानपणी विंगेत बसून माझी नाटकं बघायचा. पुढं तो संगणकाच्या एका मोठ्या कंपनीचा प्रमुख झाला आणि आमच्या घरात त्याचं नाव 'साहेब' पडलं. काय त्याची एंट्री! लोक खुर्च्या सरळ करून बसायचे. अडचणीचा प्रश्न आला की साहेब ग्लास उचलायचा, सावकाश पाण्याचा एक घोट घ्यायचा, साऱ्या सभेवरून नजर फिरवायचा आणि हसून म्हणायचा, "फार चांगलं विचारलंत!" विचारणारा खूश, उत्तर गायब.

नोकरी सोडल्यावर तो नव्या कंपन्यांत पैसे घालू लागला, सल्ले देऊ लागला. गुंतवणूकदारांपुढं कसं उभं राहायचं, हे तरुण मंडळींकडून घोटून घ्यायचा. आधी घोट, मग हसू. सगळ्यांत तयार निघाली त्याचीच लेक. तिच्या कंपनीनं म्हाताऱ्या माणसांसाठी मनगटावरचा पट्टा काढला होता. माणूस पडलं की घरच्यांना आपोआप फोन जाणार. पहिला पट्टा साहेबाच्या आईच्या, म्हणजे माझ्या अक्काच्या हातात.

एका दुपारी अक्का न्हाणीघरात घसरली. फोन कुणालाच गेला नाही. साहेब सहज डोकावला, तर ही फरशीवर बसलेली.

"पोरीच्या पट्ट्याला बोल लावू नकोस हं," ती म्हणाली, "मी हळूच पडले."

पट्ट्याची विक्री तोंडावर आली होती. साहेबानं लेकीच्या कंपनीची बैठक बोलवायला लावली. निर्णय त्याच्या हातात नव्हता, सल्लागारानं फक्त बोलायचं. तो जीव तोडून बोलला, "माणसं याच्या भरवशावर एकटी राहतील. हळूच पडणाऱ्यांचं काय?"

लेकीनं ग्लास उचलला.

घोट. नजर. हसू. "फार चांगलं विचारलंत, बाबा!"

टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. विक्री ठरल्या दिवशी सुरू झाली.

"इतकं बिनचूक केलं हो तिनं, मामा," तो नंतर मला म्हणाला. "क्षणभर मलासुद्धा उत्तर मिळाल्यासारखं वाटलं."

त्यानं लेकीला घरी गाठलं. "थांबव गं हे."

"थांबले तर पुढचे पैसे थांबतात, बाबा. हे तुम्हीच शिकवलंत ना?"

भर बैठकीत स्वतःच्या लेकीला अडचणीत आणणारा सल्लागार कुणाला हवा? साहेबाची बोलावणी हळूहळू बंद झाली. आईच्या हातातला पट्टा तरी काढावा म्हणून तो गेला, तर अक्कानं हात पाठीमागं नेला. "नातीनं दिलाय. मेल्यावर काढ."

आता रोज दुपारी तो तिच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसतो. एके काळी ज्याच्या वेळेसाठी माणसं ताटकळायची, तो माझा देखणा भाचा आईच्या मनगटाकडं बघत असतो. सगळं ठीक आहे असं सांगणारा पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत असतो.

"जा की रे घरी," अक्का डोळे मिटूनच म्हणते. "मला काही झालं तर फोन येईलच तुला."